आधी त्याची बाजू

आमच्या घरात भांडायला परवानगी होती, पण नियमाने. नियम आत्याचा. ज्याच्याशी भांडायचं त्याची बाजू आधी आपण मांडायची, तीही अशी, की तो स्वतः म्हणाला पाहिजे, हो, माझं अगदी हेच म्हणणं आहे. तो 'मान्य' म्हणाला की मग आपलं तोंड उघडायचं. तोवर नाही. हा नियम मला फार महागात पडला. कॉलेजात गेल्यावर मला स्वतःचा चांगला फोन हवा होता, आणि आईची बाजू मी इतकी झकास मांडली, की आई 'मान्य' म्हणाली आणि माझ्याकडे पुढे बोलायला काही उरलंच नाही. आबा कोपऱ्यात बसून हसत होते. फोन लांबणीवर पडला तो पडलाच.

आत्या म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण, सुमन. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं तर ती आधी विचारणाऱ्याची बाजू मांडायची, म्हणून लोक विचारायचे नाहीत. नवी मुंबईत पावणे गावात एका कारखान्याच्या ऑफिसात बिलांचं काम करायची आणि कोपरखैरण्याला आमच्याकडे राहायची. आबा तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते. गाव साताऱ्याकडचं, पण मला ते लग्नाकार्यापुरतंच माहीत. माझं गाव म्हणजे कोपरखैरण्याची ती गल्ली: मुळात सगळी बैठी, एकसारखी घरं, आणि मग ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वर मजले चढवलेले, बाहेरून लोखंडी जिने काढलेले. आमच्यावरही आबांनी एक मजला चढवला होता आणि तो भाड्याने दिला होता. खाली स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली. संध्याकाळी गल्लीत हॉर्न, प्रेशर कुकर, कुणाची तरी मालिका आणि आमच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज.

त्या आवाजावर आत्या वाचायची. हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा मराठीत चर्चेचा एक फलक होता, इंटरनेटवर. कुठल्याही मोठ्या कंपनीचा नव्हता, चार-पाच हौशी माणसं पदरमोड करून चालवायची. तिथे लोक खऱ्या नावाने लिहायचे नाहीत. आणि विषय काय, तर आजच्या पोरांना हसू येईल असले. पैसे मोजून घेतलेला फोन बिघडला, तर तो उघडायचा हक्क आपला की कंपनीचा. विकत घेतलेलं पुस्तक एके दिवशी फोनवरून गायब झालं, तर ते विकत घेतलं होतं म्हणायचं का. फुकट मिळणारं ॲप नेमकं कशावर जगतं. आपण कुणाला काय निरोप पाठवला हे सरकारने वाचावं का, कंपनीने वाचावं का, कुणीच वाचू नये का. यावर माणसं पानंच्या पानं लिहायची. माझा नातू म्हणतो, एवढं लिहायला वेळ होता तुम्हाला? होता बाबा. कामावरून दमून येऊन, हातपाय धुऊन, चहा पिऊन लोक हे लिहायचे, आणि दुसऱ्याने काय उत्तर दिलं असेल या ओढीने दुसऱ्या दिवशी घरी यायचे. मला अजून त्यांचं कौतुक वाटतं. कुणी पगार देत नव्हतं त्याचा.

आत्या तिथे 'खडीसाखर' होती. तिचा कायमचा वैरी 'कारलं'. दोघांचं कधी म्हणून पटलं नाही. आत्याचं म्हणणं, या कंपन्या आपल्याला दार उघडून देतात, पण किल्ली स्वतःकडे ठेवतात. कारल्याचं म्हणणं, बाई, आधी दारच नव्हतं. तो फार सुरेख लिहायचा. एकदा त्याने लिहिलं होतं, की दलालाच्या ओट्यावर ज्याने कधी तासन्‌तास ताटकळत काढले नाहीत, त्याने खुशाल ॲपला शिव्या घालाव्यात. आत्याने ते वाचलं आणि म्हणाली, "काय लिहितो मेला." चेहऱ्यावर आनंद नुसता मावत नव्हता. मग बसली त्याची बाजू मांडायला, त्याच्यापेक्षा चांगली. तो 'मान्य' म्हणायचा आणि मग हिची तोफ सुटायची. तोही हळूहळू तसंच करायला लागला. आधी खडीसाखरेची बाजू, मग स्वतःची. फलकावरचे बाकीचे लोक या दोघांचं भांडण बघायला यायचे.

आत्या हे सगळं ओट्याशेजारी पाटावर बसून मोठ्याने वाचायची, आणि आई भाकऱ्या थापायची. आई शाळेत फार गेलेली नाही, आणि ॲप, कंपनी, हक्क यातलं आपल्याला काही कळत नाही असं ती आल्यागेल्याला सांगायची. पण मुद्दा चांगला आला की तिची थाप संथ व्हायची, आणि फार चांगला आला तर थांबायचीच. आत्या त्यावरून ओळखायची. कित्येकदा लिहिलेलं पाठवायच्या आधी ती आईला वाचून दाखवायची, आणि थाप थांबली नाही तर सगळं खोडून पुन्हा लिहायची. "वन्सं, हे लई लांबलं," असं आई म्हणाली की आत्याच्या कपाळावर आठ्या. पण कापायची बिचारी.

आईचंही एक ॲप होतं. म्हणजे ॲप भल्या मोठ्या कंपनीचं, पण त्यावर आईचं स्वयंपाकघर होतं. पोळीभाजीचे, भाकरी-पिठल्याचे डबे ती आधीपासून गल्लीत द्यायची. आत्याचा विरोध असताना तिने स्वतः हट्टाने ॲपवर नाव घातलं. तेव्हा आत्याची बाजू तिने आधी मांडली होती, हे सांगायला नकोच. नाव ठेवलं 'साताऱ्याची चूल'. मग घणसोली, वाशी, कुठून कुठून मागणी यायला लागली. महाप्यातल्या ऑफिसांतली पोरं-पोरी खर्डा आणि घेवड्याची आमटी मागवायची. खाऊन झाल्यावर लोक दोन ओळी लिहायचे, त्या मी आईला वाचून दाखवायचे. एकीने लिहिलं होतं, आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. आईने ते मला परत वाचायला लावलं, आणि मग आबा आल्यावर परत. आबांच्या नावावर घर होतं, गावच्या जमिनीत आबांचं नाव होतं. आईच्या नावावर म्हणून जगात काही होतं तर ही चूल. ती डबा भरताना झाकणाला जे फडकं लावायची ते रोज धुतलेलं असायचं, तेही कुणी बघणारं नसताना.

आणि एका दुपारी ते बंद झालं. आई कांदा चिरत होती, फोन वाजला, मी बघितलं. 'फसवणुकीच्या कारणावरून तुमचं स्वयंपाकघर कायमचं बंद करण्यात येत आहे.' मी वाचलं नाही, नुसतं बघत बसले. आई म्हणाली, काय गं, किती डबे? मग वाचलं. आईने कांदा चिरायचा थांबवला नाही. कांदा सगळा चिरून झाल्यावर तिने विळी आडवी केली आणि विचारलं, "फसवणूक म्हंजे? मी कुणाला फसवलं?"

आम्हाला तरी काय माहीत. कंपनीच्या मदतीच्या खिडकीत मी लिहिलं, तर लगेच उत्तर आलं, तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच, शब्दाला शब्द. फोन लावला तर एक बाई रेकॉर्डवर गोड बोलायची आणि मग बासरी लागायची. त्या बासरीचा मला आजही राग येतो, कुठे लग्नात वाजली तरी. दोन-तीन दिवसांत गल्लीत कळलं. डबे न्यायला येणारी पोरं येईनात, तेव्हा कळणारच. समोरची एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "काय ओ, जेवणात काय निघालं का?" आई आत आली आणि तिने सगळी भांडी पुन्हा घासायला काढली, धुतलेलीच. मी कधी आईला रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही, पण त्या भांड्यांचा आवाज मला सहन होत नव्हता.

आबा आत्याला म्हणाले, "सुमे, तू एवढी रोज कंपन्यांशी भांडतीस. आता भांड की."

आत्या त्या संध्याकाळी फलकावर लिहायला बसली. आम्ही सगळे जमलो होतो. आईने तवा ठेवला होता. आत्याने वाचायला सुरुवात केली, आणि पहिल्या चार ओळींतच आबांचा चेहरा उतरला. कारण आमच्या घरची चूल बंद झाली एवढं एका ओळीत सांगून तिने सुरुवात कंपनीच्या बाजूने केली होती. लाखो घरांतून अन्न जातं, प्रत्येक चुलीशी माणूस उभा करता येत नाही. खाणाऱ्याच्या पोटाची जबाबदारी कंपनीवर आहे. काही लोक खरोखर फसवतात, एक खातं बंद झालं की दुसऱ्या नावाने उघडतात. संशय आला तर आधी बंद करणं हे खाणाऱ्याच्या भल्याचंच आहे. असं सगळं, एकाहून एक सरस. जणू कंपनीने वकील लावलाय.

"तू कुणाच्या बाजूची हाईस?" आबा म्हणाले. ते आवाज चढवणारे नव्हते. चढवलाही नाही. म्हणून जास्त लागलं.

"दादा, आपलं आहे म्हणून नियम मोडला तर माझं पुढं कोण ऐकंल?"

"आणि ऐकायचं कुणी?" आई म्हणाली. थाप केव्हाच थांबली होती, पण मुद्दा चांगला होता म्हणून नव्हे. "कंपनी वाचती का तुमचा फलक?"

"कंपनी नाय वाचत वहिनी. कारलं वाचतो."

मला तेव्हा वाटलं, आत्याचं डोकं फिरलंय. घरावर संकट आलंय आणि हिला तिच्या वैऱ्याचं पडलंय. पण तिने ते तसंच पाठवलं. जेवण होईतो उत्तर आलं होतं. इतक्या वर्षांत आत्याने मांडलेल्या बाजूला कारल्याने पहिल्यांदाच 'मान्य' म्हटलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, 'अपूर्ण'. आणि खाली: 'कंपनीची बाजू तुम्ही जवळजवळ पूर्ण मांडलीत, पण एक गोष्ट राहिली. यंत्राला माणूस दिसत नाही, पत्ता दिसतो. माझ्या स्वतःच्या घराला एक नंबर आहे आणि त्यात भाडेकरूंच्या मिळून बऱ्याच चुली पेटतात. तुमच्या नंबरावर तुमच्याआधी कुणाची चूल होती का?'

आत्याने ते वाचलं आणि वर बघितलं. आम्ही सगळ्यांनीच वर बघितलं, छताकडे. वरच्या मजल्यावर आमच्याकडे एक नवरा-बायको भाड्याने राहायचे. चायनीज करून त्याच ॲपवर विकायचे. तेल काळंकुट्ट, वास खालपर्यंत. त्यांच्याविरुद्ध तक्रारींवर तक्रारी गेल्या आणि त्यांचं बंद झालं, मग ते खोली सोडून नावड्याला गेले. हे सगळं आम्हाला माहीत होतं. आबांनीच त्यांना सामान उतरवायला मदत केली होती. पण वरचं घर वेगळं आणि खालचं वेगळं, हे आम्हाला इतकं सरळ दिसत होतं, की दोन्हींचा नंबर एकच आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गल्लीतल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं, वरचे वेगळे, खालचे वेगळे. यंत्राला वाटलं, चायनीजवाले नाव बदलून भाकऱ्या करायला लागले.

पुढचे दिवस आत्या आणि कारलं फलकावर खांद्याला खांदा लावून लिहीत होते, आणि बाकीचे लोक चकित. बाहेरचा जिना, दोन वेगळे विजेचे मीटर, दोन ओटे, सगळ्याचे फोटो मी काढले. कारल्याने कंपनीला कसं लिहायचं, कुठल्या शब्दांत लिहिलं म्हणजे यंत्राच्या हातून सुटून माणसाच्या हातात पडतं, ते सुचवलं. फलकावरच्या अनोळखी माणसांनी आपापल्या नावाने कंपनीला पत्रं धाडली. कोण कुठली माणसं, आमच्या हातची भाकरी त्यांनी कधी खाल्ली नव्हती. आणि एका सकाळी ॲप उघडलं. पडद्यावर रंगीत फुगे वर गेले आणि अक्षरं आली, 'पुन्हा स्वागत आहे!' खाली एक हिरवं बटण, 'सुरू करा'.

मी नाचतच आईकडे गेले. आईने फुगे बघितले. "आणि ते फसवणुकीचं?" तिने विचारलं. मी वरखाली शोधलं. त्याचं कुठे नावच नव्हतं. 'चूक झाली' नाही, 'माफ करा' नाही, काही नाही. "कुणी बघितलं हे? कुठल्या माणसानं?" आत्या म्हणाली, "वहिनी, कुणी बघितलं असंल, नायतर नुसतं कुणीतरी कळ दाबली असंल. ते काय सांगत नायत." आईने फोन फडताळावर ठेवला आणि म्हणाली, राहू दे. ते हिरवं बटण तिने दाबलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आबांनी समजावलं, मी समजावलं, आत्यानेही. ती एकच म्हणायची, आधी कुणीतरी मला म्हणू दे. काय म्हणू दे ते सांगायची नाही. आम्हाला वाटलं, हट्ट.

रविवारी आत्याने कारल्याला जेवायला बोलावलं. उपकार झाले होते, बोलावणं भागच होतं. आईच्या चुलीचं पहिल्यापासूनचं सगळं, फुग्यांसकट, तिने त्याला लिहून कळवलं होतंच. माझ्या डोळ्यासमोर कारलं म्हणजे कुणी चष्मेवाला प्राध्यापक होता. आले ते पावण्याचे म्हात्रेकाका. तिथलेच मूळचे आगरी, गळ्यात सोन्याची साखळी, मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडकलेली, आणि हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. औद्योगिक वसाहतीत त्यांचा स्वतःचा गाळा होता, यंत्रांचे सुटे भाग करायचे. "रिकाम्या हातानं कसा येनार, म्हनून बायकोनं दिल्या," म्हणाले. फलकावर इतकं घोटीव लिहिणारा माणूस असं बोलतो, हे ऐकून मला गंमत वाटली, आणि मग आवडलंच.

पण जेवायला बसल्यावर पंचाईत झाली. दोघांना भांडताच येईना. आत्या म्हणाली, तुमचं ते दलालांचं म्हणणं तसं बरोबर होतं हं. ते म्हणाले, "नाय नाय ताई, तुमचाच बराबर हाय." आत्या म्हणाली, अहो नाही, तुमचं. आमटी घ्या. वर्षानुवर्षं एकमेकांना फाडून खाणारी माणसं, आणि आता 'घ्या ना अजून', 'पुरे पुरे'. आबा ताटात बघून हसत होते. आई ओट्यापाशी उभी राहून गरम भाकऱ्या करत होती आणि ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही. ती वळली, पिठाचे हात तसेच.

"भाऊ, तुमचं भांडण मी इतकी वर्षं ऐकतीय. तुमी कंपनीच्या बाजूचे. असू दे, तुमचा विचार हाय तो. पण या घरात एक नियम हाय. तुमचं बोलायच्या आधी माझी बाजू मांडा."

म्हात्रेकाकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी मान वर केली आणि सरळ आईकडे बघून बोलायला लागले. फलकावरची भाषा नव्हे, त्यांची स्वतःची.

"वैनी, तुमचा म्हनना असा हाय. तुमी आयुष्यभर रांधला. घरच्यांनी खाल्ला, कोन बोलला नाय चांगला का वाईट. मंग लोकांनी खाल्ला, नि पयल्यांदा कोनीतरी बोलला, पोट भरला. ता तुमचा सोता कमावलेला नाव. एक दिवस मशीन बोलतं, ही बाई फसवते. त्या मशीनला तोंड नाय, म्हनून त्याच्या तोंडावर तुमाला बोलता येत नाय. गल्लीतल्या बाया इचारतात, काय निघाला जेवनात. तुमी उत्तर काय देनार, तुमालाच माहीत नाय. मंग तेच मशीन फुगं सोडतं नि बोलतं, या. जसं काय तुमीच रुसून गेलेल्या, नि आता परत आल्या. तुमचा म्हनना एवढाच हाय, का फुगं नको. एका मानसानं तुमच्यासमोर बसून, तोंडानं बोलावा, का या बाईनं कोनाला फसवलेला नव्हता."

तव्यावरची भाकरी फुगली, आणि आईचं तिकडे लक्ष नव्हतं. जन्मात तिची भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी करपली. आत्याने डोळ्याला पदर लावला. आईने मात्र नाही. ती फक्त उभी होती, आणि तिचे खांदे खाली आले होते, डोक्यावरचं काहीतरी उतरवून ठेवल्यासारखे.

"मान्य," आई म्हणाली.

मग तिने करपलेली भाकरी बाजूला काढली आणि विचारलं, "आता तुमची बाजू सांगा."

"आज नाय वैनी," म्हात्रेकाका म्हणाले. "आज माझी काय बाजू नाय."

आईने दुसरी भाकरी थापली, भाजली, त्यांच्या ताटात वाढली. त्यांच्या घरची तांदळाची भाकरी मोडून स्वतःच्या तोंडात एक तुकडा टाकला आणि म्हणाली, तुमच्या मंडळींचा हात हलका हाय. मग मला म्हणाली, तो फोन आण. मी फडताळावरून आणला. तिने पिठाच्या बोटाने हिरवं बटण दाबलं. पिठामुळे फोनला बोट कळेना. तिने बोट पदराला पुसलं आणि पुन्हा दाबलं.